अंगठा दाखवण्याची विद्या

खडकीच्या माणसाला पाण्याचे वावडे असावे, असे वरकरणी काही कारण नाही. मुळा आमच्या वस्तीला वळसा घालून पुढे जाते. होळकर पुलावरून मी आयुष्यात हजारो वेळा गेलो असेन. पण कठड्याशी थांबून खाली पाहिले आहे, असे फारसे घडलेले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

अशा या माणसाला गेल्या वर्षी जून महिन्यात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, थोरल्या लेकीचा फोन आला. ती फ्लोरिडात भूशास्त्र शिकते. इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर ती म्हणाली,

"बाबा, मार्चमध्ये मी बहामाला जाणार आहे. पाण्याखालच्या गुहांत उतरायचे शिकायला."

माझ्या तोंडून "नाही" एवढा एकच शब्द बाहेर पडला. मराठीच्या प्राध्यापकाने इतके संक्षिप्त उत्तर दिलेले आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते.

"अहो, निदान कशासाठी ते तरी विचारा," सौभाग्यवती म्हणाल्या. पण विचारायचे काय? पाण्याखालची गुहा म्हणजे काय, ते २०१८ सालच्या जुलै महिन्यात साऱ्या जगाने पाहिले होते. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा फुटबॉलचा शिक्षक २३ जूनला अडकले आणि १० जुलैला त्यांतले शेवटचे बाहेर आले. खडकीत त्या बातम्या अंमळ अधिकच आपुलकीने वाचल्या गेल्या. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली इथे निघाला, तेव्हापासून ते नाव आमच्या घरोघरी आहे. आणि त्याच घराण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गुहेतले पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला तिथे गेले होते. मुले वाचली, आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. पण माझ्या मनात घर करून राहिला तो समान कुनान. नौदलातला माजी पाणबुड्या, कसलेला गडी. मुलांच्या वाटेवर हवेचे सिलिंडर ठेवून परत येताना ६ जुलैला तो गेला. असा माणूस जिथून परतत नाही, तिथे माझी तेवीस वर्षांची मुलगी हौसेने जाणार!

माझा नकार ऐकून ती चिडली नाही. चिडली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोहताही येत नाही. ज्या पाण्यात तुम्ही कधी पाऊल टाकले नाही, त्याच्याबद्दल तुमचे मत मी कसे मानू? एकदा उतरून पाहा. मग 'नाही' म्हणालात तर मी जाणार नाही."

वाचकहो, आयुष्यभर विद्यार्थ्यांना "मूळ पुस्तक वाचल्याशिवाय मत देऊ नका" असे बजावणाऱ्या माणसाला याहून अचूक जागी कोणी पकडले नसेल.

तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पोहायला शिकलो. घराजवळच्या तलावात पहाटेच्या वर्गात मी धरून चार प्रौढ होतो. बाकी सारी बालवाडी. स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा तर न थांबता २०० मीटर पोहता यावे आणि १० मिनिटे तरंगता यावे, अशी अट असते. मला त्यासाठी पाच महिने लागले. एक सात वर्षांची मुलगी मला रोज "काका, पाय सरळ!" म्हणून ओरडे, तिचा मी ऋणी आहे.

नाताळच्या सुटीत मी तारकर्ली गाठली. मालवणजवळच्या या गावी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा शिकवणारी संस्था उभारली आहे. तिथे सरावासाठी खास खोल तलाव आहे. आमचे शिक्षक म्हणजे एक मालवणी तरुण. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा, पण पाण्यात माझा आजोबा शोभावा असा.

स्कूबाचे मर्म त्याने दहा मिनिटांत सांगितले. पाठीवर दाबून भरलेल्या साध्या हवेचा सिलिंडर. तोंडात रेग्युलेटर, तो भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल, नेमक्या तेवढ्याच दाबाने हवा पुरवतो. जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली ही युक्ती साधली आणि माणूस पाण्यात मोकळा फिरू लागला. दर १० मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, आणि हवाही दुप्पट वेगाने संपते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा फुगत फुगत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. पोहताना श्वास धरायला शिकण्यात माझे पाच महिने गेले होते. इथे पहिल्याच दिवशी ते विसरायचे होते!

दुसरा धडा खुणांचा. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. आणि वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, तर 'पुरे, वर चला'. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे ऐन वेळी फसवणे. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा, हे मला तेव्हा केवळ गमतीचे वाटले.

तलावाच्या तळाशी गुडघे टेकून डोळ्यांवरचा मास्क काढायचा आणि परत चढवायचा, हा एक पाठ असतो. मी मास्क काढला, गार पाणी नाकात शिरले, आणि माझे सगळे शहाणपण संपले. काही सुचेना, वर झेप घ्यावी एवढेच कळत होते. तेवढ्यात खांद्यावरच्या पट्ट्याला एक हात लागला. त्याने मला रोखले नाही, ओढलेही नाही. नुसते धरून ठेवले. त्याच्या रेग्युलेटरमधून संथ बुडबुडे निघताना ऐकू येत होते. त्या लयीवर माझेही बुडबुडे हळूहळू लागले. वर आल्यावर तो म्हणाला, "सर, वर जावक हरकत नाय. पण श्वास सोडीत जावचा."

समुद्रातल्या बुड्या सिंधुदुर्गाच्या परिसरात झाल्या. कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ साली बांधायला घेतलेला तो दुर्ग मी आजवर पुस्तकात आणि होडीतून पाहिला होता. आता त्याच्या अवतीभवतीच्या खडकांचे पाण्याखालचे अंग पाहिले. फिकट हिरवा उजेड, खडकाला चिकटलेली प्रवाळे, पोपटमाशांचा थवा. तिसऱ्या बुडीत एका कपारीखाली काळीभोर पोकळी दिसली. तिच्यातून एका शेवंडीच्या लांब मिशा बाहेर आल्या होत्या. मी जवळ गेलो. शेवंड मागे सरली. मी आणखी पुढे झालो. डोके आत गेले, खांदे आत गेले. आत आणखी काही चमकत होते. एवढ्यात माझा पाय कोणीतरी धरला आणि मला सावकाश बाहेर घेतले. समोर शिक्षकाचा अंगठा वर झालेला होता.

होडीत बसल्यावर मी तणतणलोच. "अरे, अजून अर्धी हवा शिल्लक होती की!"

"हवा होती, सर," तो म्हणाला. "पण वर जावची वाट खंय होती?"

मी गप्प झालो. मला धक्का बसला तो त्याच्या बोलण्याचा नव्हे. त्या पोकळीत शिरताना मला यत्किंचितही भीती वाटली नव्हती, याचा बसला.

आता पुलाच्या कठड्याची गोष्ट सांगायला हवी. मी सातवीत असताना, मे महिन्याच्या सुटीत, आम्ही चार मुले मुळेच्या काठी गेलो होतो. आमच्यातला एकच पोहणारा होता. पाण्याखाली एका खडकाच्या पोटात बीळ होते, त्यातून तो मूठभर वाळू काढून आणून दाखवी. दोनदा त्याने आणली. काठावरून आम्ही तिघे ओरडलो, "अजून एकदा!" तो हसला आणि गेला. तिसऱ्यांदा तो आला नाही. तो पाण्याला भीत नव्हता, आणि आम्ही भिणाऱ्यांनीही त्याला 'पुरे' म्हटले नव्हते. इतकी वर्षे मला वाटे, त्याला नदीने नेले. त्या दिवशी होडीत प्रथमच वाटले, की त्याला आमच्या 'अजून एकदा'ने नेले.

त्या रात्री मी लेकीला फोन केला. 'नाही' म्हणायला नव्हे, तर विचारायला. "तुला गुहेत काय शिकवणार, ते मला नीट सांग."

तिने सांगितले, ते असे. बहामा बेटे म्हणजे चुनखडीचे प्रचंड थर. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगाचे पुष्कळसे पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. त्या कोरड्या काळांत पावसाचे पाणी झिरपून गुहांच्या छतांवरून चुनखडीचे झुंबरासारखे खांब लोंबू लागले. ठिबकण्याने वाढणारे हे खांब पाण्याखाली तयार होऊ शकत नाहीत. म्हणून बुडालेल्या गुहेत असा खांब दिसला, की समजावे, इथे एके काळी हवा होती. त्याच्या थरांत जुन्या पावसापाण्याची नोंद असते. तीच वाचायचा तिचा विषय. अशा बेटांवर गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि दोन्हींच्या सीमेवर दृष्टी धूसर होते. हे ऐकताना मला भर समुद्रातल्या सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आठवल्या. ग्रँड बहामा बेटावरच्या लुकायन गुहेत १९७९ साली जिल येगर या संशोधिकेला एक आंधळा, अनेक पायांचा, कवचधारी जीव सापडला. तो इतका आगळा निघाला, की त्याच्यासाठी प्राणिशास्त्रात नवा वर्गच करावा लागला.

"ते झाले ज्ञान," मी म्हटले. "परत यायचे कसे?"

"बाबा, अभ्यासक्रमात दुसरे काही नाहीच," ती म्हणाली.

उघड्या समुद्रात काही बिघडले तर वर जाता येते. गुहेत 'वर' म्हणजे दगड. म्हणून तोंडापासून एक अखंड दोर धरून आत जायचे. दोरावरचे बाण नेहमी बाहेरची दिशा दाखवतात. जवळ तीन दिवे. पाय चुकीचा मारला तर तळाचा गाळ उसळतो आणि हातापुढचे दिसेनासे होते. मग दोर हातांनी चाचपत बाहेर यायचे, आणि हे डोळे मिटून आधी शिकायचे. हवेचे तीन सारखे वाटे करायचे. दाबमापकावर २१० बार असतील तर ७० आत जाण्यासाठी, ७० परतण्यासाठी आणि ७० राखीव. राखीव वाटा स्वतःसाठी नव्हे. अगदी आतल्या टोकाला जोडीदाराची हवा बंद पडली, तर दोघांना एकाच्या हवेवर बाहेर येता यावे म्हणून. पहिला वाटा संपला, की समोर कुबेराचे भांडार दिसत असले तरी मागे फिरायचे.

हे नियम मेलेल्यांकडून शिकलेले आहेत. शेक एक्स्ली या फ्लोरिडातल्या पाणबुड्याने अपघातांचा एकेक कागद तपासून १९७९ साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्याला दिसले, की बहुतेकांनी अखंड दोर नेला नव्हता, परतीची हवा राखली नव्हती, किंवा ते फार खोल गेले होते. असा हा सावध माणूस १९९४ साली मेक्सिकोतल्या झाकाटोन या अथांग विवरात खोलीचा विक्रम करू पाहताना मरण पावला. 'अजून थोडे' या शब्दांनी त्यालाही सोडले नाही.

"आणि शेवटचा नियम," लेक म्हणाली, "कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने अंगठा दाखवावा. सगळ्यांनी परत फिरायचे. का, म्हणून कोणी कोणाला विचारायचे नाही."

मी बराच वेळ बोललो नाही. मुळेच्या काठी आम्हाला हा एक नियम माहीत असता तर!

"जा," मी म्हणालो.

मार्चमधले ते दिवस आम्ही दोघांनी कसे काढले, ते आईबापांना सांगायला नको. सौभाग्यवतींनी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. मी वर्गात वाटेल ते शिकवले असावे. पाचव्या दिवशी फोन वाजला.

"बाबा, आज आम्ही दोरावरून आत गेलो होतो. पाणी अगदी काचेसारखे होते. झुंबरे लांब दिसत होती. हवा भरपूर होती. आणि मी अंगठा दाखवला. सगळे परत फिरलो."

"का ग?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण नियम आठवला.

"बरे केलेस," मी म्हणालो. "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना होळकर पुलावर मी गाडी बाजूला लावली आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. खाली मुळा नेहमीसारखी संथ वाहत होती. बऱ्याच वेळाने मी हात कठड्यावर ठेवला आणि अंगठा वर केला. तीसपस्तीस वर्षे उशीर झाला होता, हे मला ठाऊक होते.