जुन्या वळणाची शेरवानी : कापड आणि अस्तर निवडताना

लग्नसराई आली की दुकानात एक मागणी हमखास येते. गिऱ्हाईक आजोबांचा जुना फोटो पुढे ठेवतो आणि म्हणतो, "अगदी अशीच शेरवानी हवी." अशी शेरवानी शिवणारे कारीगर आपल्यात आजही आहेत. चूक बहुधा शिलाईत होत नाही. ती कापड आणि अस्तर निवडताना होते.

काळ्या-पांढऱ्या फोटोवरून कापड ओळखता येत नाही. घरात जुनी शेरवानी असेल तर ती मागवून घ्यावी आणि गिऱ्हाइकाच्या परवानगीने अस्तराची कड थोडी उसवून आतली बाजू पाहावी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत औरंगाबादचा हिमरू निघू शकतो.

हिमरूत ताणा सुती असतो आणि नक्षी जादा बाण्याने उठवतात. हे बाण्याचे दोरे मागच्या बाजूला सुटे राहतात. बोटात किंवा अंगठीत अडकले की ते ओढले जातात आणि वरची नक्षी बिघडते. म्हणून हिमरूला बाह्यांसकट पूर्ण अस्तर हवे.

मशरूची गोष्ट वेगळी. त्याचा ताणा रेशमी, बाणा सुती आणि वीण साटीनची. म्हणून वर रेशमाची चमक दिसते आणि अंगाला सूत लागते. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य. मशरू या शब्दाचा अर्थच शरीअतने परवानगी दिलेले असा आहे. अशा कापडाला आतून शुद्ध रेशमाचे अस्तर लावले तर सारा हेतूच फुकट जातो.

पॉलिएस्टरचे अस्तर स्वस्त आणि गुळगुळीत असते, पण घाम शोषत नाही. मे महिन्याच्या निकाहात नवऱ्या मुलाचे हाल होतात. अंगाला बारीक सुती कापड आणि बाह्यांना सुती साटीन लावावे, म्हणजे हात सहज सरकतो.

सुती अस्तर कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून इस्त्री करावे. हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. एकदा घाईत कोरेच अस्तर दिले. वरातीत पाऊस आला, अस्तर आटले आणि शेरवानीचा घेर वर ओढला गेला. कापडाचे पैसे आम्ही परत केले, पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढले नाही. तेव्हापासून भिजवलेल्या अस्तरातही खालच्या कडेला थोडी ढील ठेवायला आम्ही कारीगरांना सांगतो.

आता कापडाच्या पारखीविषयी. दोन-चार धागे काढून जाळून पाहावेत. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सूत कागदासारखे जळते. रेयॉनही तसेच जळते, म्हणून 'आर्ट सिल्क' या नावाला भुलू नये. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

हिमरूच्या नावाखाली यंत्रमागाचा मालही विकला जातो. तो विकायला हरकत नाही, पण त्याला हातमागाचा म्हणू नये. धागा कोणता, रेशीम किती, हे बिलावर लिहून द्यावे. वापराविषयी शंका असल्यास गिऱ्हाईक आपल्या आलिमांना विचारील. मालातला ऐब सांगून विकणे हा आपल्या दीनचाच हुकूम आहे. त्यात एखादा सौदा हातचा जाईल, पण रोजी हलाल राहील आणि दुकानाचे नाव टिकेल, इन्शाअल्लाह.