दारी आलेला मोती आणि न थांबणारे जुलाब

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटावे अशा दिवसांत, आमच्या दवाखान्याच्या पायरीपाशी एक कुत्रा येऊन पडला. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. कंपाउंडरने पाणी ठेवले, सौ.ने भाकरी कुस्करून घातली. आठ दिवसांत तो घरचा झाला आणि त्याला मोती हे नावही मिळाले. (आमच्या घरी आजवर आलेला प्रत्येक कुत्रा मोतीच!) पण त्याचे जुलाब काही थांबेनात. कधी पाण्यासारखे, कधी चिकट आव, मधूनच रक्ताची रेघ.

येथे मी जे केले ते वाचकांनी करू नये. इतकी वर्षे माणसांचे जुलाब थांबवतो आहे, कुत्र्याचे काय अवघड, असे म्हणून मी कपाटातल्याच गोळ्या अंदाजाने अर्ध्या करून दिल्या. चार दिवस बरे वाटले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले. शेजारी म्हणू लागले, “मंडईत सोडून या की ओ डॉक्टर.” घरात ऐंशी वर्षांची आई, अंगणात गल्लीतली मुले अनवाणी खेळणारी. खरे सांगायचे तर तो विचार माझ्याही मनात येऊन गेला.

शेवटी मोतीला जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, “शौच तपासलं का?” हाच प्रश्न मी माझ्या रुग्णांना रोज विचारतो. मान खाली घालावी लागली.

त्यांनी मोतीचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक! शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, म्हणून जुलाबाबरोबर पंडुरोगही येतो. औषध एकदा देऊन भागत नाही. ते आतड्यातले कृमी मारते, पण शरीरात दडलेल्या अळ्या मागाहून वाढतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. दुसरा पाहुणा होता जिआर्डिया. हा दर वेळी शौचात दिसतोच असे नाही, त्यामुळे एक दिवसाआड तीन नमुने तपासले तेव्हा सापडला. अंदाजाने दिलेली माझी अर्धी गोळी याला पुरणार कशी?

आता माणसांचे. कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरते आणि कातडीखाली नागमोडी, खाजणारी रेघ उठते. गोलकृमीची अंडी पोटात गेली तर लहान मुलांच्या यकृताला, क्वचित डोळ्यालाही इजा होते. मात्र ही अंडी शौचातून पडल्याबरोबर बाधत नाहीत, त्यांना दोन आठवडे तरी लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलणे आणि साबणाने हात धुणे, एवढ्यावर निम्मी लढाई जिंकता येते. मटणाच्या दुकानातले कच्चे काळीज, फुप्फुस मात्र कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातून कुत्र्याला होणाऱ्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात हायडॅटिडची गाठ वाढते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेची पाळी येते.

दोन्ही औषधे पूर्ण झाली, हिरड्या गुलाबी झाल्या, तरी शौच सैलच. आता मात्र मी चक्रावलो. मग एका संध्याकाळी उलगडा झाला. “घाण करतंय मेलं” म्हणून रोज कटकट करणारी आमची आईच मागच्या दारी त्याला वाटीभर दूध-पाव घालत होती! मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. दूध बंद केले, मऊ भात आणि बिनहाडाची उकडलेली कोंबडी थोडी थोडी दिवसातून चारदा दिली, मग हळूहळू भाकरीवर आणले. शेंगाचटणी लावलेली भाकरी आपल्याला प्रिय असली तरी त्याला नको. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आयबुप्रोफेनसारखी आपली दुखण्यावरची गोळीही देऊ नये. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कुत्रा खूप खाऊनही वाळत असेल आणि शौच तेलकट, भरपूर होत असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब एकदम सुरू झाले तर तो पार्व्हो असू शकतो. सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी न्यावे. हा रोग माणसाला होत नाही. रेबीज होतो. म्हणून रस्त्यावरचा कुत्रा घरात घेताना त्याला आधी ती लस द्यावी. खेळताना दात लागला, मग ते पिल्लू का असेना, तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी सिव्हिल गाठावे. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये.

मोती आता अठरा किलोचा आहे आणि आईच्या खाटेखाली झोपतो. दर तीन महिन्यांनी त्याच्या जंताच्या औषधाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आईच गोल करून ठेवते. दुधाची वाटी सौ.ने वरच्या फळीवर ठेवली आहे.