विष्णुभटांचं बाड

डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलं की एका अंगाला ठाकुर्लीपलीकडे कल्याण आणि दुसऱ्या अंगाला कोपरपलीकडे दिवा. दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पेणला थांबते आणि त्या पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. १८५७ चा उठाव डोळ्यांनी पाहिलेल्या एका सामान्य मराठी माणसानं लिहिलेली हकीकत आपल्याकडे आहे. ती लिहिणारा भिक्षुक वरसईचा आणि ती लिहून घेणारं, सांभाळणारं, छापणारं घर कल्याणचं. ‘माझा प्रवास’ म्हणून आपण जे पुस्तक ओळखतो, त्याची ही दोन टोकं आणि मधे आपण. तरीही डोंबिवलीत त्याचा विषय काढला की बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातला एखादा उतारा तेवढा आठवतो.

विष्णुभट गोडसे काही शूर शिपाई नव्हते, की राजकारणी नव्हते. घरावर कर्ज होतं आणि कोकणातल्या भिक्षुकीत ते फिटण्यासारखं नव्हतं. त्यात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि लाखो रुपये दक्षिणा वाटली जाणार आहे. तिशीतले विष्णुभट काकांना, रामभटांना, सोबत घेऊन निघाले. १८५७ च्या पूर्वार्धातली ही गोष्ट. रेल्वे तेव्हा सुरू झाली होती. १८५३ साली ती ठाण्याला आली, १८५४ ला कल्याणला आणि १८५६ ला खोपोलीपर्यंत पोचली. बोरघाट मात्र १८६३ पर्यंत गाडीनं चढता येत नव्हता. तेव्हा वरसईहून निघालेला माणूस घाट चढायचा तो आपल्या पायांनीच, आणि पुढे पुणं, नगर, माळवा हाही सारा पायांचाच हिशेब.

महूच्या अलीकडे त्यांना शिपाई भेटले. आणखी थोड्या दिवसांत बंड होणार आहे, पुढे जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. काडतुसांची हकीकत सांगितली. इंग्रजांनी आपला धर्म बुडवायला ८४ कलमं काढली आहेत, हेही विष्णुभटांच्या कानावर आलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं. ही कलमं कुठल्या सरकारी दप्तरात शोधायची नाहीत. उत्तर हिंदुस्थानातल्या वाटांवर, धर्मशाळांत, छावण्यांत लोक तेव्हा काय खरं मानत होते, हे त्यातून कळतं. सेनापतींच्या खलित्यांत हे मिळत नाही. ऐकीव भागात विष्णुभटांच्या चुका होतात, तारखा मागेपुढे होतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या दाखवल्याही आहेत. पण जिथे ते स्वतः उभे होते तिथलं त्यांचं लेखन वाचताना आजही अंगावर काटा येतो.

ते झाशीला पोचले आणि तिथे राहिले. लक्ष्मीबाईंच्या दरबारी दक्षिणा मिळाली, मान मिळाला. बाईंचा दिनक्रम, पोशाख, घोड्याची पारख, दानधर्म या सगळ्याकडे ते कुतूहलानं पाहत होते आणि भिक्षुकाच्या नजरेनं कुठे काय मिळालं याची नोंदही ठेवत होते. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. राणीची मूर्ती डोक्यात तयार ठेवून ते झाशीत शिरले नव्हते. मग मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेनं शहराला वेढा घातला. दिवसा तोफेचा गोळा दिसत नसे, रात्री मात्र तो लालबुंद होऊन चेंडूसारखा येताना दिसे आणि ज्याला त्याला वाटे की हा आपल्याच अंगावर पडणार. वेढ्यात अडकलेल्या माणसाची भीती इतक्या साध्या शब्दांत सांगणारं दुसरं मराठी लेखन मला माहीत नाही.

३ एप्रिलला इंग्रज फौज तटावरून आत आली. त्यानंतरच्या कत्तलीला विष्णुभट ‘बिजन’ म्हणतात. घराघरांत शिरून पुरुष मारले गेले. मग लूट, आणि लुटीलाही क्रम होता. आधी सोनंनाणं, चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, धान्य. घरात काही म्हणून उरलं नाही. झाशीचा ग्रंथसंग्रह नासला, जळला, याचं दुःख त्यांनी वेगळं नोंदवलं आहे. वेदपाठी माणसाला ग्रंथ जळताना काय वाटलं असेल हे समजायला फार कल्पना लागत नाही. गल्ल्यांत जळणाऱ्या प्रेतांचा वास, पाण्यासाठीची तडफड, लपून काढलेले दिवस, हे सारं त्यांनी जवळून पाहिलं. जपलेली दक्षिणा गेली. पुढच्या प्रवासात पुन्हा मिळवली आणि पुन्हा लुटली गेली.

झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना काही स्वार भेटले. त्यांत पठाणी वेशातली एक व्यक्ती होती, धुळीनं माखलेली, चेहरा उतरलेला. त्या लक्ष्मीबाई होत्या. पाणी हवं होतं. विष्णुभट मडकं आणि दोर घेऊन पुढे झाले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, असं म्हणून त्यांनी स्वतः पाणी ओढलं आणि मातीच्या भांड्यातून ओंजळीनं प्यायल्या. आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरला असता, तरी धर्माच्या अभिमानानं या कामात पडलो, अशा अर्थाचं काही बोलून त्या निघून गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनमध्ये, ग्वाल्हेरजवळ त्या पडल्या. राणीवर नाटकं झाली, चित्रपट निघाले, चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे उभे राहिले. तरी तिच्या हातातला तो विहिरीचा दोर मला केवळ या एका लेखनात भेटला.

विष्णुभट पुढे काशी, अयोध्या अशी तीर्थं करून आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतले. पैसा म्हणावा असा हाती उरला नव्हता. घरच्यांना ते जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हतं. आणि मग पंचवीसएक वर्षं या सगळ्यातलं काही कागदावर आलं नाही.

त्या मौनाला कारण होतं. बंडात कोण कुठे होता याची चौकशी कधीही उकरली जाऊ शकत होती, आणि लिहिलेला कागद घात करतो याचा धडा कल्याणच्या पंचक्रोशीला घरचाच मिळाला होता. इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके शिरढोणचे आणि शिकले काही काळ कल्याणला. १८७९ साली ते पकडले गेले तेव्हा त्यांनी लिहिलेलं आत्मवृत्त आणि रोजनिशी सरकारच्या हाती पडली आणि खटल्यात त्यांच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. १७ फेब्रुवारी १८८३ ला फडके एडनच्या तुरुंगात वारले. विष्णुभटांनी आपली हकीकत लिहायला घेतली ती याच सुमारास. हातात लेखणी धरताना त्यांना भीती वाटली नसेल असं मला वाटत नाही.

त्यांना लिहितं केलं ते चिंतामण विनायक वैद्यांनी. वैद्य १८६१ साली कल्याणला जन्मले, म्हणजे तेव्हा ऐन विशीतले. पुढे ते ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झाले, महाभारतावर आणि मध्ययुगीन हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिले, १९०८ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, लोकांनी त्यांना भारताचार्य म्हटलं. पण त्या मोठेपणाच्या कितीतरी आधी, घरी येणाऱ्या एका म्हाताऱ्या भटजींच्या आठवणींत काय दडलंय हे ओळखून, तुम्ही हे लिहून काढाच असा त्यांनी आग्रह धरला. माझ्या लेखी हे त्यांचं एक फार मोठं काम आहे. विष्णुभटांनी अट घातली, माझ्या हयातीत छापायचं नाही. वैद्यांनी ती वीस वर्षांहून अधिक काळ पाळली. विष्णुभट गेल्यावर, १९०७ साली, पुस्तक निघालं.

निघालं, पण जसंच्या तसं नाही. वैद्यांनी भाषा सुधारली, काही मजकूर गाळला, मांडणी थोडी बदलली. त्यांना दोष देताना तो काळ आठवावा लागतो. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली मंडालेला पाठवलं गेलं. संपादकाच्या डोक्यावर कायद्याची तलवार होती आणि छापील मराठी कशी असावी याच्या त्या पिढीच्या ठाम कल्पनाही होत्या. तरी गाळलं ते गाळलंच. वैद्यांनी दुसरं एक काम केलं म्हणून नुकसान कायमचं झालं नाही. मूळ हातलेख त्यांनी फाडला नाही, घरात पडू दिला नाही, तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवला. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९१० साली उभ्या केलेल्या त्या संस्थेत तो राहिला आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ बरहुकूम छापला. विष्णुभटांचा अस्सल सूर वाचकांच्या कानी पडायला लिहिल्यापासून ऐंशीहून अधिक वर्षं गेली. अमृतलाल नागरांनी त्या आधीच हिंदीत ‘आँखों देखा गदर’ केलं होतं आणि आता इंग्रजीतही एकाहून अधिक भाषांतरं आहेत.

याच वर्षांत सातासमुद्रापार जवळजवळ हेच घडत होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि तेव्हापासून या दोन पुस्तकांचा मी एकत्रच विचार करतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. दक्षिण कॅरोलायनातल्या एका बड्या पुढाऱ्याची पत्नी, मेरी चेस्नट, या काळात रोजनिशी लिहीत होती. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या जात होत्या, तेव्हा चार्ल्स्टनच्या घराच्या गच्चीवरून ती पाहत होती. बसायला काळं स्टूल दिसलं म्हणून बसली, ते धुराडं निघालं आणि कपड्यांनी पेट घेतला. शत्रूचे स्वार येताहेत अशी आवई उठली तेव्हा तिनं आपले काही कागद स्वतःच जाळले. १८८० नंतरच्या वर्षांत, म्हणजे विष्णुभट वरसईत लिहीत होते तेव्हाच, ती आपल्या वह्या नव्यानं लिहून काढत होती. १८८६ ला ती वारली. १९०५ ला संपादकांनी काटछाट केलेली तिची रोजनिशी छापली आणि १९८१ ला इतिहासकार व्हॅन वुडवर्डनी ती साक्षेपानं पुन्हा संपादित केली तेव्हा तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. १९०५ आणि १९०७, १९६६ आणि १९८१! आधी भीती, मग आठवण, मग सोज्वळ करून छापणं आणि शेवटी मुळाकडे परतणं. युद्धाचा खासगी कागद या चारही टप्प्यांतून जातो असं दिसतं.

फरकही मोठा आहे. अमेरिकेत चेस्नटबाईंच्या जोडीला साध्या शिपायांची पत्रं अफाट आहेत. त्यांतले बहुतेक लिहायला शिकलेले होते, तीन सेंटच्या तिकिटात पत्र घरी जाई, आणि सैनिकाला तिकीट न लावताही पत्र टाकता येई. इस्पितळात पडलेल्यांसाठी कवी वॉल्ट व्हिटमननं खाटेशी बसून पत्रं लिहून दिली. ज्यांच्या गुलामीवरून ते युद्ध पेटलं त्यांना मात्र दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत लिहायला शिकवणंच गुन्हा होता, म्हणून त्यांच्या हातचे कागद थोडे. आपल्याकडे १८५४ पासून हिंदुस्थानभर अर्ध्या आण्यात हलकं पत्र जात होतं, पण महूच्या वाटेवर भेटलेल्या त्या शिपायांपैकी कितीजण लिहू शकत होते? झाशीच्या गल्लीत पाण्यासाठी वणवण करणारी बाई, ओझी वाहणारा हमाल, तोफेला बत्ती देणारा गोलंदाज, यांचं जे काही उरलं ते एका भटजीच्या कानांतून आणि डोळ्यांतून आलेलं. पहिल्या महायुद्धात आपले शिपाई पत्रं लिहू, लिहवून घेऊ लागले, तर ती सेन्सॉरनं उघडली. आज बरीचशी मूळ पत्रं नाहीत आणि सरकारनं करून घेतलेले इंग्रजी उतारे लंडनमध्ये आहेत.

म्हणून डोंबिवलीतल्या पोटमाळ्यांची मला काळजी वाटते. हे शहर मुख्यतः बाहेरून आलेल्यांचं. कोकणातून, देशावरून आलेल्या कुटुंबांनी पत्र्याच्या ट्रंकांतून गावचे कागद इथे आणले. खतं, कुळाच्या पावत्या, आजोबांची पोस्टकार्डं, युद्धावर गेलेल्या चुलत्याचं पत्र, मोडीत लिहिलेली कसली तरी वही. आता जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर रिकामं करायची तारीख आली की मोडी वाचता येत नाही म्हणून ती वही सगळ्यांत आधी रद्दीत जाते. मोडी शिकणं अवघड नाही, राज्याचं पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्ग घेतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथे जाऊन विचारलं तर असा कागद कुणाला दाखवावा हे सांगणारं माणूस भेटू शकतं. निदान आजीच्या पत्राच्या पाठीवर कुणी, कुणाला, कुठल्या गावाहून लिहिलं एवढं पेन्सिलीनं टिपून ठेवायला कुठल्याच संस्थेची गरज नाही.

‘माझा प्रवास’ वाचायचं तर पोतदारांची प्रत शोधावी. ती मिळाली नाही तर वैद्यांची वाचावी, तिच्यातही पुष्कळ शिल्लक आहे. आणि झाशीचा वेढा गाठण्यासाठी सुरुवातीची पानं उलटू नयेत. घरचं कर्ज, दक्षिणेची आशा, परवानगी मागायला आईवडिलांपुढे उभा राहिलेला तिशीचा मुलगा, हे आधी वाचावं. हा माणूस कुठल्या घरातून आणि कशासाठी बाहेर पडला हे ठाऊक असलं, म्हणजे पुढे त्यानं काय काय पाहिलं ते नीट कळतं.