मालकीची नोंद कोणाच्या दप्तरी?

संगणकीय खेळात महिनोन्‌महिने खपून मिळविलेली तलवार किंवा रोख रक्कम मोजून घेतलेला पोशाख खेळाडू आपला म्हणून कितीही मिरवीत असला, तरी त्याची नोंद कंपनीच्या खाजगी दप्तरातच असते, आणि बहुतेक करारनाम्यांनी त्याला मालकी नव्हे, तर केवळ वापराचा परवाना दिलेला असतो. खाते गोठविले गेले की वहिवाट संपली. हा अन्याय मला क्षुल्लक वाटत नाही, आणि म्हणूनच ब्लॉकचेनचा विचार गांभीर्याने व्हावा.

ब्लॉकचेन ही असंख्य संगणकांवर एकाच वेळी राखली जाणारी खतावणी होय. तीतील नोंदींचा प्रत्येक गट मागील गटाचा गणिती ठसा आपल्यात वागवितो, त्यामुळे जुन्या नोंदीत एका अक्षराचीही खाडाखोड झाली, तर पुढील सारी साखळी विसंगत ठरून लबाडी तत्काळ उघडकीस येते. २०१७ च्या नोव्हेंबरात इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर ‘क्रिप्टोकिटीज’ हा मांजरांच्या पैदाशीचा खेळ अवतरला आणि डिसेंबरात त्यातील व्यवहारांच्या गर्दीने इथेरियमचे सारे जाळेच मंदावले. पण अशा एकमेवाद्वितीय वस्तूंच्या मालकीसाठी ‘ईआरसी-७२१’ नावाचे सामाईक प्रमाण याच सुमारास आकारास आले. वस्तू मूळ कोणाची, कोणत्या हातांतून आली, याचा दाखला त्यामुळे कोणालाही तपासता येतो, आणि कंपनीच्या परवानगीवाचून खेळाडूंना परस्पर खरेदीविक्री करता येते.

एका खेळातील तलवार दुसऱ्या खेळात चालेल, ही गर्जना मात्र फोल आहे. कारण साखळीवर बहुधा मालकीचा क्रमांकच असतो, आणि तलवारीचे रूप व तिची धार प्रत्येक खेळाच्या कर्त्यालाच घडवावी लागते. ‘एफ१ डेल्टा टाइम’ या शर्यतीच्या खेळातील एक मोटार २०१९ मध्ये एक लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. परंतु २०२२ च्या मार्चमध्ये, शर्यतीचे नाव वापरण्याचा परवाना संपताच, खेळ बंद पडला, आणि मालकीची नोंद शाबूत असूनही ती मोटार त्या खेळात धावेनाशी झाली. बदली मोटारी कंपनीने देऊ केल्या खऱ्या. पण अशी भरपाई कंपनीच्या मर्जीवर न सोडता मूळ करारनाम्यातच कलम म्हणून नमूद व्हावी, ही मागणी खेळाडूंनी आता नेटाने लावून धरली पाहिजे, कारण भरपाईचा हक्कदार कोण हे सिद्ध करणारा दस्तऐवज प्रथमच त्यांच्या हाती आला आहे.