ब्राउझरचं बिऱ्हाड

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज 11ला टीपीएम 2.0 आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक एका तारखेत जुने ठरले. नवी यंत्रं घरात आली आणि पाठोपाठ जुना प्रश्न आला. फोटो आले, कागदपत्रं आली, पण ब्राउझरमधलं सगळं कसं आणायचं? वर्षानुवर्षं जमवलेले बुकमार्क, पासवर्ड, नंतर वाचू म्हणून उघडे ठेवलेले टॅब? दुकानात विचारा, ऑफिसात विचारा, उत्तर एकच: ‘लॉग-इन करा, आपोआप येईल.’ ज्याने खातं कधी उघडलंच नाही, किंवा ज्याला आपली माहिती परक्या सर्व्हरवर ठेवायची नाही, त्याच्या हाती या उत्तराने काहीच पडत नाही. वीस वर्षांपूर्वी अशा माणसाचीही सोय होती, आणि ती आजच्यापेक्षा सरस होती.

नव्वदच्या दशकात रेंगाळण्याचं कारण नाही. 1997च्या नेटस्केप कम्युनिकेटरने एकाच संगणकावर प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल दिलं; बुकमार्क एका एचटीएमएल फाइलीत राहत. इंटरनेट एक्सप्लोररचे फेव्हरिट्स म्हणजे फोल्डरमधले साधे शॉर्टकट. सामान फ्लॉपीवर मावेल एवढंच.

बिऱ्हाड वाढलं ते 9 नोव्हेंबर 2004ला फायरफॉक्स 1.0 आल्यावर. या ब्राउझरने वापरणाऱ्याचं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं. फोल्डरच्या नावाची सुरुवात आठ विस्कळीत अक्षर-अंकांनी होई आणि शेवट ‘डॉट डिफॉल्ट’ने. आत डोकावलं की कुठे काय आहे ते कळे. बुकमार्क ‘बुकमार्क्स डॉट एचटीएमएल’मध्ये, कुकी ‘कुकीज डॉट टीएक्सटी’मध्ये, सेटिंग्ज ‘प्रेफ्स डॉट जेएस’मध्ये. यातल्या बऱ्याच फाइली नोटपॅडमध्ये उघडून वाचता येत.

संगणक बदलायची वेळ आली की कृती ठरलेली असे. फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा. ‘रन’च्या चौकटीत ‘ॲपडेटा’ची वाट टाइप करून मोझिला, मग फायरफॉक्स, मग प्रोफाइल्स असं आत शिरायचं आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा. नव्या यंत्रावर फायरफॉक्सच्या आज्ञेपुढे ‘-पी’ जोडला की प्रोफाइल मॅनेजर उघडे. तिथे नवं प्रोफाइल करून त्याला आणलेला फोल्डर दाखवायचा. कधी एखादं एक्स्टेन्शन रुसे. मग ‘एक्स्टेन्शन्स’ नावाच्या इनी, कॅशे आणि आरडीएफ या तीन फाइली पुसायच्या. ब्राउझर त्या स्वतः पुन्हा तयार करी. पासवर्डांचं एक पथ्य मात्र पाळावंच लागे. ते ‘साइनऑन्स’ फाइलीत असत आणि ते उलगडणारी किल्ली ‘की-3 डॉट डीबी’मध्ये. एक आणली आणि दुसरी राहिली, तर सगळे पासवर्ड निकामी. एवढं सांभाळलं की नव्या संगणकावरचा फायरफॉक्स जुन्यासारखाच उघडे: तीच टूलबार, तेच टॅब, तीच एक्स्टेन्शन्स.

मराठी वाचकाच्या फोल्डरमध्ये आणखीही काही असे. त्या काळात बरीच मराठी संकेतस्थळं स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरत. फॉन्ट नसला की बातमीच्या जागी अगम्य चिन्हं दिसत. ‘पद्म’ नावाचं एक्स्टेन्शन देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांतला असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. 2006च्या फायरफॉक्स 2मध्ये शुद्धलेखन तपासणी आली. तिला शिकवलेले शब्द ‘पर्सडिक्ट डॉट डॅट’ या साध्या फाइलीत एका ओळीत एक असे साठत. ब्राउझरमध्येच मराठी टंकणाऱ्याने वर्षभरात भरलेली आडनावं, गावं, बोलीतले शब्द या एका फाइलीत असत आणि फोल्डरबरोबर नव्या घरी जात.

‘स्क्रॅपबुक’ची तर बातच वेगळी. हे एक्स्टेन्शन अख्खं वेबपान चित्रांसकट प्रोफाइलमध्येच उतरवून ठेवी. प्रत्येक पानाला चौदा अंकी नावाचा वेगळा फोल्डर. त्या अंकांत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ऑक्टोबर 2009मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हा हौशी माणसांची असंख्य पानं गेली. ज्यांनी त्यातली काही स्क्रॅपबुकमध्ये उतरवली होती, त्यांची पानं संगणकामागून संगणक बदलत टिकली. आजही तो फोल्डर सापडला तर आतली ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

पोर्टेबल फायरफॉक्सने तर स्वतःच्या संगणकाचीही गरज ठेवली नाही. ब्राउझर आणि प्रोफाइल दोन्ही पेनड्राइव्हवर. सायबर कॅफेत जाणाऱ्याचं ते विंचवाचं बिऱ्हाड, पाठीवरच.

या सुखाला पहिला तडा सोयीच्या नावाखाली गेला. 22 मार्च 2011च्या फायरफॉक्स 4मध्ये सिंक आलं, म्हणजे सर्व्हरमार्फत संगणक जुळवण्याची सोय. त्याची रचना प्रामाणिक होती: माहिती संगणकावरच सांकेतिक होऊन बाहेर पडे, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलालाही ती वाचता येत नसे. पण नवा संगणक जोडायला जुन्यावर कोड टाकावा लागे आणि माणूस नवा संगणक घेतो तो बहुधा जुना बंद पडल्यावर. मग उरे ती रिकव्हरी की, जी जपून ठेवावी हे सांगणारा पडदा घाईत पुढे ढकललेला असे. 2014मध्ये ईमेल-पासवर्डचं सोपं खातं आलं. तिथेही पासवर्ड विसरून नवा घेतला आणि रिकव्हरी की नसली, तर सर्व्हरवरची माहिती पुसली जाते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मोझिला सांगत आली. तरीही ‘खातं आहे ना, मग फोल्डर कशाला?’ ही समजूत रुजली ती रुजलीच.

इतरांनी तर वाटच बंद केली. जुलै 2013मध्ये ऑपेरा 15 आला तो पुरेसा बुकमार्क मॅनेजर न घेताच. ऑपेरा 12मध्ये वर्षानुवर्षं घडी बसवलेल्या निष्ठावंतांना कंपनीने उघड्यावर टाकलं. 14 नोव्हेंबर 2017ला खुद्द फायरफॉक्स 57नेही जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स एका आवृत्तीत मोडीत काढली. वेग आणि सुरक्षितता ही कारणं खरी होती. पण त्या दिवशी प्रोफाइल सुखरूप हलवूनही त्यातलं निम्मं सामान निरुपयोगी झालं. वेगवेगळ्या ब्राउझरांतले बुकमार्क जुळवणारी एक्समार्क्स 1 मे 2018ला बंद पडली. 2007मध्ये फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन म्हणून जन्मलेलं आणि पुढे मोझिलानेच विकत घेतलेलं पॉकेट 8 जुलै 2025ला संपलं. परक्या सर्व्हरवर ठेवलेलं सामान सर्व्हरवाल्याच्या मर्जीने राहतं, हा धडा इतक्यांदा मिळूनही कोणी शिकलं नाही.

सर्वांत मोठा बदल क्रोमचा, कारण आज बहुतेक जण तोच वापरतात. विंडोजवर त्याचे पासवर्ड सुरुवातीपासूनच त्या यंत्रावरच्या विंडोज खात्याशी बांधलेले होते. एक्स्टेन्शनच्या नोंदींवर यंत्राशी जुळणारी मोहर असते. फोल्डर दुसरीकडे नेला की ती जुळत नाही आणि क्रोम त्या नोंदी बाद करतो. जुलै 2024च्या क्रोम 127पासून कुकींची किल्ली अधिकच घट्ट बांधली गेली. प्रोफाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरत असेल तिथे हे नीट चालणार नाही, असं गूगलनेच तेव्हा लिहिलं. कारण रास्त आहे: पासवर्ड आणि कुकी चोरणारी मालवेअर हाच फोल्डर उचलून नेतात. पण चोराला अडवताना मालकालाही दाराबाहेर ठेवलं, ही यातली चूक आहे. मालकाने स्वतः ठरवलेल्या पासवर्डने बंद केलेली एक फाइल, जिच्यात इतिहास, एक्स्टेन्शन्स आणि त्यांच्या सेटिंग्जसकट सगळं बाहेर काढता येईल, ती द्यायला क्रोमला कोणतीही तांत्रिक अडचण नाही. ती मिळत नाही, कारण खात्यात अडकलेला माणूस कंपनीच्या सोयीचा असतो.

फायरफॉक्सचा फोल्डर मात्र आजही उचलता येतो. मदतीच्या मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग’च्या पानावर तो उघडायचं बटण आहे. पासवर्ड आता ‘लॉगिन्स डॉट जेसन’ आणि ‘की-4 डॉट डीबी’ या जोडीत असतात, दोन्ही हव्यात. एक लक्षात ठेवा: 2019च्या फायरफॉक्स 67पासून नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती स्वीकारत नाही, तेव्हा नव्या संगणकावर आधी ब्राउझर अद्ययावत करा. क्रोमवाल्यांनी बुकमार्क एचटीएमएलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्ही फाइलीत काढून घ्यावेत. ही दुसरी फाइल उघडी असते, म्हणून काम झालं की लगेच पुसावी. आणि जुना संगणक भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी हे कराच, कारण तो एकदा गेला की यातलं काहीही करता येत नाही.