आवाजाच्याच दाराने

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय? प्रोटॉनच्या रुंदीहूनही बारीक हालचाल! पण औंढ्याच्या बाजारातल्या कुणाच्याही कानात असलं एक यंत्र केव्हापासून चालू आहे. अगदी हलक्या आवाजाने कानाचा पडदा अणूच्या रुंदीइतकाही हलत नाही, तरी आपल्याला ऐकू येतं.

ही करामत रोमपेशींची. एका कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार. प्रत्येकीच्या माथ्यावर तंतूंचा झुबका, तंतूंना जोडणारे धागे. आवाजाने झुबका कलतो, धागा ताणला जातो आणि दोरी ओढून कडी काढावी तसं छिद्र उघडतं. विद्युतभारित कण आत शिरतात, मज्जातंतूला खबर जाते.

आता १९४३मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन पाहा. टीबीला नमवणारं हे पहिलं प्रतिजैविक. पुढे आपल्या पिंपरीतही, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, ते बनू लागलं. जीव वाचले, यात शंकाच नाही. पण सुरुवातीच्याच रुग्णांत काहींचा तोल जाऊ लागला. त्याची भावंडं कॅनामायसिन आणि अमिकासिन, ती तर थेट ऐकण्यावरच उठली.

औषध कानातल्या रोमपेशीत शिरलं कुठून? आवाजासाठी उघडणाऱ्या त्याच छिद्रातून! आत गेलं की लवकर बाहेर पडत नाही, साचत राहतं.

पण मारायचे होते जिवाणू. आपली पेशी का मरावी? हे औषध जिवाणूंचे प्रथिनं बनवणारे कारखाने, रायबोसोम, बिघडवतं. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया अब्जावधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणूच होत्या. त्यांचे रायबोसोम अजून त्या जुन्या वळणाचे आहेत. काही जणांत तर मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकसंचातलं १५५५वं अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी जी. मग हे साम्य आणखी वाढतं आणि नेहमीच्या मात्रेतलं औषधही बहिरं करू शकतं. हा बदल येतो फक्त आईकडून. मेलेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, हे मला फारच अन्यायाचं वाटतं!

टीबीच्या उपचारांतून कॅनामायसिन काढून टाका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये सांगितलं. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात मात्र याच कुळातलं जेंटामायसिन तासाभरात द्यावं लागतं. तेवढ्यात जनुक तपासणार कसं? मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ते करून दाखवलं: बाळाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, २६ मिनिटांत उत्तर. अक्षर बदललेलं निघालं, तर दुसरं प्रतिजैविक.