कॉलेजचा संघ आणि घरचा मुलगा

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या घरोघरी गुणांची चर्चा सुरू होते. कोणाला किती टक्के मिळाले, कोणत्या महाविद्यालयाची यादी कितीवर बंद झाली, विज्ञान घ्यावे की वाणिज्य, या प्रश्नांनी दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत सारे घर गजबजून जाते. पुढे शाळा-महाविद्यालये सुरू झाली की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणखी एक परीक्षा होते. तिच्याकडे मात्र सुशिक्षित कुटुंबांचे लक्ष क्वचितच जाते. चिखलाने भरलेल्या मैदानावर मुले जमलेली असतात, कडेला छत्रीखाली शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक वही घेऊन उभे असतात, आणि तासा-दीड तासात कॉलेजच्या फुटबॉल-संघाची निवड आटोपते. मुले तिला ‘ट्रायल’ म्हणतात. या परीक्षेत महाविद्यालय मुलाकडून काय घेते आणि त्याच्या मोबदल्यात त्याला काय देते, याचा शांतपणे विचार करणे आज अगत्याचे झाले आहे.

मुंबईत फुटबॉल हा पूर्वापार पावसाळ्यातला खेळ. गोऱ्या पलटणींनी तो येथे रुजविला. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. परंतु हिंदी खेळाडूंच्या संघाला तो चषक जिंकण्यास १९३७ साल उजाडावे लागले, आणि तो मानही मुंबईकरांना न मिळता ‘बंगलोर मुस्लिम्स’ या संघाला मिळाला. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९११ सालची. तथापि हा सारा व्याप दक्षिण मुंबईतील कूपरेजच्या परिसरात चाले. उपनगरातल्या मुलाला लोकलने तासभर प्रवास करून तेथे जावे लागे. १९८८ साली अंधेरीस शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल झाले, तेव्हा उपनगरांना स्वतःचे मोठे क्रीडांगण लाभले. त्याच क्रीडांगणावर १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला, आणि जादा वेळेच्या ११७व्या मिनिटास बंगळुरूच्या संघाला विजयी गोल मिळवून दिला तो मुंबईतच जन्मलेल्या राहुल भेके याने. असा क्षण पाहिल्यावर कोणत्याही होतकरू मुलास आपणही तेथे असावे असे वाटले, तर त्यात नवल ते काय?

परंतु त्या क्षणापर्यंत पोहोचणारे थोडे आणि वाटेत राहणारे पुष्कळ. पूर्वी वाटेत राहणाऱ्यांचीही सोय होत असे, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे अशा अनेकांचे या शहरात फुटबॉल-संघ होते. कॉलेजच्या संघात चमकलेला मुलगा अशा एखाद्या संघात जाई, त्याबरोबर त्याला नोकरी मिळे, आणि पाय थकल्यावरही टेबल-खुर्ची शिल्लक राही. शिक्षण अर्धवट सुटले तरी संसार उभा राहत असे. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि कंपन्यांनी आपले संघ आवरते घेतले. २००५-०६ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेडसारखा संघही २०१० साली बरखास्त झाला. त्यानंतर २०१४ पासून व्यावसायिक लीगचा झगमगाट आला खरा. पण तो किती भरवशाचा, हे २०२५ साली दिसून आले. संघटना आणि व्यवस्थापक कंपनी यांच्यातील कराराचा प्रश्न न सुटल्यामुळे त्या वर्षी लीगचा हंगाम लांबणीवर पडला, आणि काही नामांकित क्लबांनी खेळाडूंचे वेतन देणेही थांबविले. देशातील उत्तमोत्तम खेळाडूंची जर ही गत, तर कॉलेजच्या संघातील सामान्य खेळाडूने कशाच्या बळावर निर्धास्त राहावे?

शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरे. परंतु त्यासाठी ठराविक दर्जाच्या स्पर्धेतील पदक वा प्रावीण्य लागते, आणि पदास आवश्यक ती शैक्षणिक पात्रताही लागतेच. तात्पर्य, पूर्वी खेळ पदवीची उणीव भरून काढीत असे. आता खेळाडूलाही पदवीवाचून गत्यंतर नाही. म्हणून खेळाडूला बोलावून प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाची जबाबदारी पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे.

आता निवडीच्या पद्धतीकडे वळू. पुष्कळ ठिकाणी प्रथम पाहिले जाते ते प्रमाणपत्र. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांवर ज्याचे नाव लागले तो खेळाडू, बाकीचे प्रेक्षक! यात सोय आहे. पण याचा अर्थ असा की दुसऱ्याने पूर्वीच निवडलेल्याला आपण पुन्हा निवडावयाचे. त्या पहिल्या निवडीतही दोष असतात. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळतात. बाराव्या-तेराव्या वर्षी या एका वर्षाने उंचीत आणि ताकदीत मोठाच फरक पडतो. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला शिक्षक मिळतो, सामने मिळतात. किरकोळ अंगाचा मुलगा घरी बसतो. अनेक देशांतील अभ्यासकांनी हा जन्ममहिन्याचा परिणाम निरनिराळ्या खेळांत दाखवून दिलेला आहे.

सतराव्या-अठराव्या वर्षी मात्र हे अंतर बहुतांशी मिटते. मागे पडलेला मुलगा अंगाने भरतो. म्हणून महाविद्यालय ही खरोखर दुसरी चाळणी व्हावयास पाहिजे. पहिल्या चाळणीतून निसटलेले दाणे तेथे सापडावेत. त्यासाठी एका दिवसाची ट्रायल पुरत नाही. वीस मिनिटांच्या खेळात प्रत्येकजण चेंडू आपल्याच पायाशी ठेवून चमक दाखवू पाहतो. ज्याच्यामुळे इतरांचा खेळ खुलतो असा समंजस मधला खेळाडू, योग्य जागी उभा राहिल्यामुळे ज्याला धावपळ करावीच लागत नाही असा बचावपटू, यांच्याकडे कोणाची नजरही जात नाही. जाणता शिक्षक निराळ्याच गोष्टी पाहतो. चेंडू येण्यापूर्वी मुलाने मान वळवून भोवताली पाहिले काय? पहिल्या स्पर्शात चेंडू ताब्यात आला काय? आणि हातची संधी गेल्यावर तो कपाळावर हात मारून उभा राहिला, की माघारी धावला? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते.

प्रमाणपत्राच्या पलीकडे पाहिले म्हणजे काय सापडते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांनी पावसात मोडकी बादली लाथाडून खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली, त्यांच्या हाती चेंडू दिला, आणि २००१ साली खास त्यांच्यासाठी स्पर्धा भरविली. पुढे त्या कार्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ हा चित्रपट काढला. कॉलेजच्या कुंपणापलीकडे पाहण्याची दृष्टी एका शिक्षकास होती, एवढेच या कथेचे सार. आपल्या उपनगरांतही अशी कुंपणे थोडी नाहीत. मरोळ वा बोरिवलीकडच्या जुन्या गावठाणांतील मराठी बोलणारी ख्रिस्ती मुले, डोंगरउतारावरच्या वस्तीतील मुले आणि सोसायटीतील मुले एरवी एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यातून मोकळी मैदाने घटली आणि तासावर भाडे आकारणारी ‘टर्फ’ वाढली. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याचा सराव गल्लीतच अडकला. अशा वेळी कॉलेजचा संघ ही या मुलांनी एकत्र येण्याची एक मोलाची जागा होय.

खेळाडू मिळविण्याच्या चढाओढीचा अतिरेक पाहावयाचा असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे फुटबॉल या नावाने निराळाच खेळ ओळखला जातो. पण धडा तोच. कार्नेगी प्रतिष्ठानने १९२९ सालीच आपल्या अहवालात दाखवून दिले होते की, महाविद्यालये खेळाडूंना छुपेपणाने पैसा पुरवून आपल्याकडे ओढीत आहेत. १९५६ पासून क्रीडा-शिष्यवृत्त्या उघडपणे मान्य झाल्या, २०२१ पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसा मिळविण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. शंभर वर्षे तेथे वाद चालला तो एकाच प्रश्नावर : हा विद्यार्थी आहे की नोकर? आपल्याकडे रकमा लहान आहेत, प्रश्न लहान नाही. फी माफ करून, बूट-गणवेश देऊन आणलेला मुलगा तीन वर्षे चषक मिळवून देतो, आणि शेवटच्या वर्षी त्याचे चार विषय राहिलेले असतात. तेव्हा त्या चषकाची खरी किंमत कोणी मोजली हे विचारावयास नको.

म्हणून पालकांनी संकोच न करता काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे. सामन्यांमुळे बुडालेले तास कसे धरले जातील? स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या तर पुढे काय? बुडालेला अभ्यास कोण भरून देणार? सवलत फीची आहे की केवळ प्रवेशाची, आणि संघातून वगळल्यास ती राहील काय? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुखापतीचा. गुडघ्याच्या आतील ज्या अस्थिबंधास खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, तो तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास नऊ महिने ते वर्ष सहज लागते. त्या काळात उपचाराचा खर्च कोणाचा, आणि संघात नसलेला मुलगा कॉलेजचा राहणार की नाही? या प्रश्नांची उत्तरे जे कॉलेज लेखी देईल, त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे द्यावे.

मुलींच्या बाबतीत तर ही विचारपूस अधिकच हवी. २०२२ साली आशियाई महिला चषकाचे सामने अंधेरी, नवी मुंबई आणि पुणे येथे झाले. मुलींचा फुटबॉल आता नवलाईचा राहिलेला नाही. परंतु गुडघ्याची वर सांगितलेली दुखापत मुलींना मुलांपेक्षा अधिक होते, हे वैद्यकीय अभ्यासाने सिद्ध झालेले आहे. तेव्हा योग्य व्यायाम करून घेणारा शिक्षक, कपडे बदलण्याची स्वच्छ जागा आणि सायंकाळी घरी परतण्याची सोय, या गोष्टी पाहूनच होकार द्यावा. केवळ ‘मुलगी आहे’ म्हणून नकार देऊ नये.

घरच्यांचेही काही कर्तव्य आहे. एकत्र कुटुंबात खेळणाऱ्या मुलाच्या वाट्यास दोन टोकांची मते येतात. काका म्हणतात, पाय झिजवून पोट भरत नाही. आत्याला तो उद्याच देशाकडून खेळताना दिसतो. दोन्ही मतांचा त्याला सारखाच जाच होतो. सकाळी पाचला उठून डबा करून देणारी आई आणि रात्री ‘आज काय शिकलास?’ असे सामन्याविषयी व अभ्यासाविषयीही विचारणारे आजोबा, एवढे त्याला पुरे असते.

संघ जिंकावा असे कोणत्या कॉलेजला वाटणार नाही? वाटलेच पाहिजे. परंतु ज्या दिवशी एखादे महाविद्यालय आपल्या वार्षिक अहवालात किती चषक आले यापुढेच संघातील किती खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले हा आकडाही छापील, त्या दिवशी त्याच्या मैदानावर मूल पाठविताना कोणत्याही आईचा जीव खालीवर होणार नाही. हा आकडा मागण्याचा अधिकार पालकांना आहे, आणि तो त्यांनी मागावा.